ढक्कनवाली गल्ली आणि इंटरनेटचं लेजर

पोस्ट मोठी झाली आहे, आधीच सांगतो. दुपारचा चहा घेऊन बसा, नाहीतर रविवारी पोहे-जिलेबी झाल्यावर वाचा.

मागच्या महिन्यात बऱ्याच वर्षांनी सांवेर रोडला जाणं झालं. एका जुन्या मित्राच्या मुलाने सेक्टर ईमध्ये पॅकिंगचं छोटं युनिट टाकलं, त्याची पूजा होती. रिक्षा बाणगंगेच्या पुढे गेली तशी मी ऐटीत सांगायला लागलो, "भैया, आगे से लेफ्ट." चौदा वर्षं त्या भागात स्कूटर फिरवलेला माणूस मी. तर रिक्षावाला म्हणाला, "अंकल, मैप तो राइट बता रहा है." आणि नकाशा बरोबर निघाला, मीच चुकलो. पण खरी गंमत पुढे आहे. ज्या गल्लीतून त्याने रिक्षा वळवली, ती गल्ली त्या नकाशावर बहुधा मीच काढलेली होती. बहुधा म्हणतो, कारण तिथे काढणाऱ्याचं नाव दिसत नाही.

घरी येऊन हे नातवाला मोठ्या कौतुकाने सांगितलं. त्याने मान वर न करता विचारलं, "आबा, म्हणजे तुम्ही गूगलसाठी फुकट काम केलं?"

आता मी बी.कॉम. झालेला, आयुष्य बँकेत काढलेला माणूस. फुकट हा शब्द माझ्या कानाला टोचतो. त्या रात्री झोप लागली नाही, आणि त्यातून हे लिहिणं निघालं.

आधी सांवेर रोडची थोडी ओळख करून देतो. गटातल्या तरुण मंडळींना तो फक्त उज्जैनकडे जाताना लागणारा ट्रकांचा रस्ता वाटतो. १९८८ साली माझी बदली तिथल्या शाखेत झाली, लहान उद्योगांच्या कर्जाचं काम. ए पासून एफ पर्यंत सेक्टर, आणि पत्ते असे की "प्लॉट नंबर अमुक, सेक्टर एफ". वाटायचं, बारा नंबरच्या पुढे तेरा असणार. नसायचा! बाराचे तुकडे पडून बारा-ए, बारा-बी झालेले, आणि तेरा मागच्या बाजूला, नाल्याच्या कडेला. महिन्याला स्टॉक स्टेटमेंट यायचं आणि मग आम्ही माल बघायला जायचो. पत्ता वाचून कोणी पोचत नसे. नाकाने पोचायचं. शेव तळल्याचा वास आला की नमकीनवाले, गोड वास आला की गोळ्या-चॉकलेटवाले, आणि डोळे चुरचुरले की केमिकल. उरलेलं चहाच्या टपरीवर विचारायचं.

मी बँकेच्या निळ्या डायरीच्या मागच्या पानांवर नकाशा काढायला सुरुवात केली. कुठली गल्ली कुठे निघते, कुठे पावसाळ्यात पाणी भरतं, कुठल्या गेटवर कुत्रा आहे. माझी पुढच्या शाखेत बदली झाली तेव्हा ती डायरी मागून आलेल्या साहेबांना दिली. त्यांनी त्यात लाल शाईने भर घातली. त्यांच्यानंतर आलेल्यांनी हिरव्या. बऱ्याच वर्षांनी मी पुन्हा त्याच शाखेत आलो, तेव्हा तीन शायांची ती डायरी परत माझ्या टेबलावर आली, आणि माझ्या मूळ नकाशातल्या दोन चुका कोणीतरी न बोलता दुरुस्त केलेल्या होत्या. त्या वेळी इंटरनेट हा शब्दही मी ऐकला नव्हता. पण आज ज्याला लोकसहभाग वगैरे म्हणतात, तो मला त्या डायरीने आधीच शिकवला होता.

बँकेत दोन वह्या असतात. एक पासबुक. ते ग्राहकाच्या हातात असतं, पण तो फक्त वाचू शकतो. दुसरं लेजर. त्यात लिहिण्याचा हक्क फक्त आमचा, आणि तोही असा की एकाने एंट्री करायची, दुसऱ्याने तपासून सही करायची, मग ती पक्की. इंटरनेट आमच्यापर्यंत आलं ते पासबुकासारखं. दुसऱ्या कोणीतरी लिहिलेलं वाचायचं.

मजा म्हणजे ज्याने वेब काढलं त्याच्या मनात पासबुक नव्हतंच. जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली या इंग्रज माणसाने १९८९ मध्ये याचा प्रस्ताव मांडला. तिथे देशोदेशीचे शास्त्रज्ञ येत-जात, आणि माणूस गेला की त्याच्याबरोबर माहितीही जाई. आमच्या शाखेत बदली झाली की व्हायचं तसंच! त्याने १९९० मध्ये जो पहिला ब्राउझर केला, त्यात पान वाचताही येत होतं आणि लिहिता-बदलताही. म्हणजे मुळात लेजरच. १९९३ च्या ३० एप्रिलला सर्नने हे तंत्र सगळ्या जगाला मोफत खुलं केलं, कसलीही रॉयल्टी नाही. पण त्याच वर्षी अमेरिकेत मोझाइक नावाचा ब्राउझर निघाला, चित्रांसकट पान दाखवणारा, वापरायला सोपा. तो घरोघरी गेला. त्यात लिहिण्याची सोय नव्हती. लेजर गेलं, पासबुक उरलं. पुढची दहा-बारा वर्षं लोक ती लिहिण्याची सोय परत मिळवत होते, असं मला आता वाटतं.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, मुंबई-दिल्ली-कलकत्ता-मद्रासला. इंदूरला आपण सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने बसायचो. प्लायवुडचे खोके, आत पंखा नाही, मोडेमची ती किंकाळी. मी जायचो तो मुलाची मेल बघायला. तो तेव्हा नोकरीसाठी बाहेर गेला होता. कॅफेवाला पोरगा पासवर्ड टाइप करून द्यायचा, म्हणजे पासवर्ड त्यालाही ठाऊक. बँकवाल्याने असं करावं? पण केलं.

आणि इथे आपल्या शहराबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुण्या-मुंबईच्या मंडळींना ती ठाऊक नसते. हिंदीतलं पहिलं पोर्टल म्हणून जे ओळखलं जातं ते वेबदुनिया १९९९ च्या सप्टेंबरात आपल्या इंदुरातून निघालं, विनय छजलानींनी काढलेलं. पुढे त्याची मराठी आवृत्तीही आली. ज्या छजलानी घराण्याचं नाव नईदुनियाशी जोडलेलं, तेच हे घराणं. नईदुनियाची आठवण मुद्दाम काढतो, कारण आमच्या पिढीचा "सहभाग" तिथेच होता: संपादकांच्या नावे पत्र! राहुल बारपुते संपादक होते, आपलेच मराठी. पोस्टकार्ड लिहायचं, टाकायचं, आणि रोज सकाळी आधी तो कॉलम उघडायचा. माझी दोन पत्रं छापून आली होती. एक नळाच्या पाण्यावर, दुसरं सिटी बसवर. वडिलांनी दोन्ही कापून ठेवली होती. पण काय छापायचं ते संपादक ठरवायचे, आणि बहुतेक पोस्टकार्डं टोपलीतच जायची. लेजरवर सही त्यांची.

वायर आली, कॉम्प्युटर आला, तरी आपल्यासाठी एक मोठी अडचण राहिली होती, ती लिपीची. लेखांमध्ये याबद्दल फारसं वाचायला मिळत नाही. इंग्रजीवाल्यांना कळफलक उघडला की लिहिता येत होतं. आपण? शुषा, शिवाजी, कृतिदेव असे नाना फॉन्ट. माझ्या मशीनवर एक, समोरच्याच्या मशीनवर दुसरा, आणि मी लिहिलेलं "नमस्कार" त्याला चौकोन आणि प्रश्नचिन्हांत दिसायचं. म्हणून सगळे रोमन अक्षरांत मराठी लिहायचे. ते वाचताना दाताखाली खडा यावा तसं व्हायचं. देवनागरीला युनिकोडमध्ये जागा १९९१ लाच, पहिल्या आवृत्तीतच मिळाली होती. त्याचा पाया आपल्याच देशात तयार झालेला इस्की हा संकेत. पण कागदावर मंजूर झालेलं कर्ज आणि हातात पडलेली रक्कम यांत जेवढं अंतर असतं, तेवढंच इथे होतं. साध्या घरच्या कॉम्प्युटरवर ते धड चालायला दहा-बारा वर्षं गेली. बरहा आलं, ओंकार जोशींचं गमभन आलं, मग इंग्रजी अक्षरं दाबून देवनागरी उमटायला लागली. तेव्हा कुठे आपल्या हातात पेन आलं.

त्याही आधी मराठी माणसं जमायला लागली होती, आणि तीही महाराष्ट्राबाहेरची. १९९६ च्या गणेश चतुर्थीला अजय गल्लेवाले यांनी अमेरिकेतून मायबोली सुरू केली. तिथल्या "हितगुज"मध्ये कोण कुठल्या देशात बसून थालीपिठाची कृती विचारतोय, कोण गावाकडच्या पारावरच्या गप्पा मारतोय. पुढे मनोगत आलं, २००७ मध्ये मिसळपाव आलं. संपादक नाही, पोस्टकार्ड नाही. लिहा आणि दाबा बटण.

मी पहिल्यांदा अशा एका ठिकाणी लिहिलं ते २००६ च्या सुमारास. विषय होता सराफ्यातलं रात्रीचं खाणं. रात्री दोन वाजेपर्यंत जागून एक-एक अक्षर शोधत लिहिलं. सकाळी बघतो तर पहिलाच प्रतिसाद पुण्याचा: "लेख छान, पण 'मी त्याला बोललो', 'निघून चाललो जायचो' ही कसली मराठी?" मला इतका राग आला म्हणता! आमच्या घरात होळकरांच्या काळापासून मराठी बोलतात. लेख काढूनच टाकणार होतो. तोवर ग्वाल्हेरच्या एका बाईंनी उत्तर दिलं होतं, की आमच्याकडेही असंच बोलतात. मग बडोद्याचा एक जण आला. मग तंजावरशी नातं सांगणारे एक. संध्याकाळपर्यंत वीस-पंचवीस लोक आपापल्या गावची मराठी मांडून बसले होते, आणि तो पुणेकर सगळ्यांना प्रश्न विचारत होता, वहीत टिपून घेतोय म्हणाला. माझ्या सराफ्याच्या लेखापेक्षा खालची ती चर्चाच मोठी झाली. पोस्टकार्डाने हे कधी झालं नसतं. आपण बाहेरचे मराठी किती ठिकाणी विखुरलो आहोत, हे मला पन्नाशी उलटल्यावर त्या दिवशी कळलं.

विकिपीडियाने मात्र माझ्यातल्या बँकवाल्याची झोप उडवली. त्याचं मूळ वॉर्ड कनिंगहॅम नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरच्या १९९५ च्या "विकी"त आहे. होनोलुलूच्या विमानतळावरच्या झटपट बसला तिथे विकी-विकी म्हणतात, त्यावरून हे नाव. जानेवारी २००१ मध्ये इंग्रजी विकिपीडिया, आणि मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनाच्या दिवशी. पद्धत काय, तर कोणीही एंट्री करायची आणि ती लगेच दिसणार, तपासणी नंतर. बँकेत असं केलं असतं तर सस्पेंड झालो असतो. महिनाभर मी चिडून होतो. मग एकदा मुलाने "इतिहास" या बटणावर क्लिक करून दाखवलं, आणि मी गप्प झालो. प्रत्येक बदल, तारीख-वेळेसकट, जसाच्या तसा जपलेला. एकही व्हाउचर फाडलेलं नाही. चूक पुसलेली नाही, चुकीवर उलट एंट्री केलेली. असं लेजर ठेवणारा क्लार्क मला तीस-पस्तीस वर्षांत दोनदाच भेटला.

सांवेर रोडवर तिथे लिहावं म्हणून बसलोही. पण नियम वाचले: स्वतः पाहिलेलं चालत नाही, छापील आधार पाहिजे. बरोबरच आहे म्हणा. "मला ठाऊक आहे साहेब" यावर मीही कधी पैसे दिले नाहीत. पण शेवच्या वासाचं व्हाउचर कुठून आणू? म्हणून ते तिथे न लिहिता तुमच्यासारख्यांसमोर लिहीत असतो.

मधली वर्षं भराभर गेली. २००४ मध्ये ऑर्कुट, आपल्या मुलांनी तिथे मुक्कामच ठोकला. २००५ मध्ये यूट्यूब, पहिला व्हिडिओ प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभ्या असलेल्या एका तरुणाचा, जेमतेम १९ सेकंदांचा. २००६ अखेरीस टाइम मासिकाने वर्षातली व्यक्ती म्हणून "तुम्ही" असं छापलं आणि मुखपृष्ठावर आरसा लावला. आपण सगळे लेखक झालो म्हणून फार आनंदीआनंद होता. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं. लेजर कोणाच्या तिजोरीत आहे, हे तोवर कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

आता नकाशाकडे येतो. २००८ मध्ये गूगलने मॅप मेकर काढलं. ते भारतातल्या इंजिनिअरांच्या डोक्यातून निघालेलं, म्हणून मला त्याचं जास्त कौतुक. आपल्यासारख्या देशांत बारीक गल्ल्यांचे नकाशेच नव्हते, तर उपग्रहाचं चित्र समोर ठेवून लोकांनीच रस्ते काढायचे, नावं घालायची, आणि दुसऱ्या लोकांनी ती तपासून पास करायची. एकाने एंट्री, दुसऱ्याची सही! माझ्यासाठीच केलंय असं वाटलं. मी तेव्हा निवृत्तीला टेकलेलो. घरच्या कॉम्प्युटरवर सेक्टर एफ उघडला, आणि वरून बघताना पत्र्यांच्या छपरांवरून मला युनिटं ओळखू यायला लागली. बायको म्हणाली, अहो, जेवायला या. मी म्हणालो, थांब, ही गल्ली पूर्ण करतो. ती म्हणाली, रिटायर व्हायच्या आधी घरी कधी इतकं काम केलं नाहीत.

आणि तिथे एका गल्लीला मी नाव दिलं: ढक्कनवाली गली.

या नावामागे मित्र आहे. तोच, ज्याच्या मुलाची पूजा होती. त्याचं बाटल्यांच्या प्लास्टिक झाकणांचं युनिट त्या गल्लीत होतं, दोन मशीनं आणि अकरा माणसं. कामगार गल्लीला त्याच्यावरूनच हाक मारायचे. खातं आमच्याच शाखेत, मीच केलेलं. मग २००० च्या आसपासची ती विजेची वर्षं आली. आठवतात ना? दिवसदिवस लाइट नाही. मोल्डिंगच्या मशीनला मध्येच वीज गेली की आतला माल थिजतो, तो खरवडून काढण्यात अर्धा दिवस जातो, परत गरम करायला पुन्हा वीज. डिझेलवर जनरेटर चालवून झाकण विकलं तर झाकणामागे तोटा. हप्ते थकले. खातं एनपीए झालं. वसुलीच्या नोटिशीवर सही करायची वेळ आली तेव्हा मॅनेजर रजेवर होते आणि सही माझी गेली. मला नाही म्हणता आलं असतं का? नसतं आलं. पण सही माझी होती. त्यानंतर तो माझ्याशी बरीच वर्षं फक्त लग्नकार्यात बोलला.

मॅप मेकरवर मी ते नाव घातलं, कोणीतरी पास केलं, आणि मला आत कुठेतरी बरं वाटलं. मॅप मेकरचं पुढे काय झालं ते सांगतो. २०१५ मध्ये पाकिस्तानात रावळपिंडीजवळ नकाशात कोणीतरी एक चावट चित्र काढून ठेवलं, गूगलचा हिरवा रोबो अ‍ॅपलच्या सफरचंदावर लघवी करतोय असं! त्यावरून काही महिने सगळं काम थांबवलं होतं. २०१७ च्या मार्चअखेर ते कायमचं बंद झालं. ३१ मार्च, बँकवाल्याला बरोबर लक्षात राहणारी तारीख. आम्ही काढलेले रस्ते गूगलच्या नकाशात राहिले, ते त्यांचे झाले. नातवाचा "फुकट" तो हा.

मग मी ओपनस्ट्रीटमॅपवर गेलो. स्टीव्ह कोस्ट या इंग्रज तरुणाने २००४ मध्ये सुरू केलेलं. तिथला नकाशा कोणीही उचलून वापरू शकतो, फक्त श्रेय द्यायचं. तिथे पुन्हा पहिल्यापासून सेक्टर एफ काढला. तीच गल्ली, तेच नाव. सहा महिन्यांनी बघतो तर नाव गायब. खाली टीप: "ऐसी कोई गली नहीं है." मी परत टाकलं. परत गेलं. तिसऱ्यांदा मी लांबलचक लिहिलं, की मी अमुक साली तिथे होतो, तुम्ही तेव्हा जन्मला तरी होतात का वगैरे. उत्तर शांत आलं. तो तिथल्याच एका युनिटमध्ये कामाला होता, डिलिव्हरीची मुलं चुकतात म्हणून नकाशा सुधारत होता. लिहिलं होतं, "अंकल, सात साल से इसी गली में हूँ, किसी के मुँह से ये नाम नहीं सुना. आप जो बता रहे हैं वो सही होगा, पर वो रास्ता नहीं, याद है."

मला उत्तर सुचेना. दोन दिवसांनी त्यानेच मार्ग काढला. त्या नकाशात प्रत्येक रस्त्याला जुन्या नावाचा वेगळा खाना असतो. नावाची जागा त्याने रिकामी ठेवली, आणि जुन्या नावाच्या खान्यात "ढक्कनवाली गली" लिहिलं. नकाशावर दिसत नाही, पण आत नोंद आहे. सही त्याची.

हे मी मित्राला फोन करून सांगितलं. वाटलं, खूश होईल. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "नोटीस तूच पाठवलीस, आणि आता नावही तूच लिहितोस. मला एकदा विचारायचं तरी." फोन ठेवला. वाटून घेणं, शेअरिंग, सहभाग हे शब्द मी फार वापरतो. पण जे वाटलं ते त्याचं होतं, माझं नव्हतं. हे मला साठी उलटल्यावर त्याने ऐकवलं.

त्याच वर्षीची आणखी एक गोष्ट. २०१६ मध्ये जिओ आल्यापासून घरातल्या सगळ्यांच्या हातात इंटरनेट आलं आणि लिहिणं मागे पडलं, पुढे ढकलणं सुरू झालं. २०१८ च्या जूनमध्ये आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज आला: मुलं पळवणारी टोळी आली आहे, सावध राहा. मी तो पुढे चार ठिकाणी पाठवला. बँकेत सहीशिवाय एक कागद पुढे न सरकवणारा मी! काळजीपोटी पाठवला, एवढंच. १ जुलैला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला याच अफवेवरून पाच माणसांना जमावाने ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागायला आलेली माणसं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. माझ्या मेसेजचा त्या गावाशी काही संबंध नसेल. पण तोच मजकूर, तीच भीती, आणि खाली कोणाचीच सही नाही. त्या चौघांना मी नंतर फोन करून सांगितलं, की ते खोटं होतं. दोघांनी तोवर पुढे पाठवलं होतं.

नातवाला मी काय उत्तर दिलं? म्हटलं, हो, फुकट केलं, आणि जे केलं त्यातलं अर्धं दुसऱ्याच्या तिजोरीत गेलं. पण त्या रिक्षावाल्याने माझ्याकडून पत्ता विचारला नाही, आणि तरी मला बरोबर पोचवलं, त्याचं काय लावायचं? तो म्हणाला, "आबा, ते काही बॅलन्स शीटमध्ये येत नाही." पोरगं कॉमर्सला नाही, तरी बरोबर बोललं.

पूजेच्या दिवशी मित्र दारातच उभा होता. थकलाय आता. मी खिशातून मोबाइल काढला आणि या वेळी आधी विचारलं, "नव्या युनिटचं नाव नकाशावर टाकू का?" तो हसला. म्हणाला, "तुझ्या भरवशावर कोण बसलंय? पोराने कालच टाकलं. फोटोसकट." मग मला हात धरून आत नेलं, प्रसादाचा शिरा दिला, आणि चालता चालता म्हणाला, "ते जुन्या नावाच्या खान्यात आहे ना, ते राहू दे."

आता तुमच्याकडे एक काम आहे. ती निळी डायरी. माझ्यानंतर लाल आणि हिरव्या शाईची भर पडलेली. मी निवृत्त झालो तेव्हा शाखा दुसऱ्या जागेत हलत होती, त्या गडबडीत ती मी कोणाच्या हातात दिली ते आठवत नाही. मागच्या पानांवर सेक्टर ए ते एफचे नकाशे आहेत, कव्हरवर १९८८, आणि कोपऱ्यात चहाचा डाग आहे. या गटात जुने बँकवाले बरेच आहेत. कोणाच्या माळ्यावर निघाली तर सगळ्या पानांचे फोटो काढून इथेच टाका. आणि एफ सेक्टरमध्ये गेटवर कुत्रा असलेलं ते युनिट कोणतं होतं, तेही आठवत असेल तर लिहा. मला फक्त कुत्रा आठवतोय.